अंगण खरंच वाकडं होतं

उन्हाळी बोलिंग लीगच्या पहिल्या रात्रीचे आकडे आधीच सांगून टाकते, नंतर लपवावेसे वाटतील: 121, 134, 118. तीन गेम मिळून 373. त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्याच इमारतीत, त्याच लेनवर, तोच बॉल टाकून माझं ॲव्हरेज 178 होतं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "किती?" मी म्हटलं, "लेन वाईट होत्या." तो "नाचता येईना..." एवढंच म्हणाला आणि भांडी लावायला गेला.

पण अंगण खरंच वाकडं होतं. मुद्दाम वाकडं केलेलं होतं आणि त्यावर नाचायला मी जास्तीचे पैसे भरले होते.

डेट्रॉइटच्या उपनगरात राहून बोलिंग न करणं म्हणजे डोंबिवलीत राहून लोकलमध्ये न चढणं. मोटारींच्या कारखान्यांच्या पाळ्या संपल्या की लीग, असा इथला जुना शिरस्ता. कारखाने कमी झाले, लीग अजून आहेत. 2017 साली ऑफिसातल्या एकीने टीममध्ये माणूस कमी आहे म्हणून मला ओढलं आणि मी अडकले ती अडकलेच. लहानपणी आमच्या चाळीत कॅरम खेळून नेम बरा झाला होता, तो इथे कामी आला. निदान मला तसं वाटत होतं.

टीममध्ये एक आजोबा आहेत. कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी पार, गुडघा बदललेला. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणते. त्यांनीच 2023 च्या वसंतात सांगितलं, "उन्हाळ्यात स्पोर्ट लीगला ये. बारा आठवडे. दर तीन आठवड्यांनी तेल बदलतं. रडशील, पण ये."

तेलाचं थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. बोलिंगची लेन कोरडी नसते. बॉल जिच्या अलीकडून सोडायचा त्या फाउल लाइनपासून पुढच्या पिनपर्यंत 60 फूट अंतर, त्यातल्या पहिल्या चाळीसेक फुटांवर मशीन तेलाचा पातळ थर देतं. पूर्वी लेन लाकडाच्या असायच्या, मेपल आणि पाइनच्या, आणि लाकूड घासलं जाऊ नये म्हणून तेल. आता बहुतेक लेन सिंथेटिक आहेत, तेल मात्र राहिलं आणि तोच खेळ होऊन बसला. एका लेनला साधारण 25 मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे. तेवढ्या तेलावर पंधरा पौंडांचा बॉल घसरत जातो आणि तेल संपलं की लेनला पकडतो, वळतो. त्या वळण्याला हुक म्हणायचं. कॅरमवर बोरिक पावडर जिथे जास्त तिथे स्ट्रायकर सटकतो, तसंच. पावसाळ्यात आमचा बोर्ड दमट होऊन जड व्हायचा आणि दादा लोक पावडरीचा डबाच उपडा करायचे. फरक इतकाच की कॅरमवर पावडर दिसते. लेनवरचं तेल बोलिंग करणाऱ्याला दिसत नाही.

लेन 39 फळ्यांची धरतात, एकेक फळी इंचाहून किंचित रुंद. रोजच्या लीगला जे तेल घालतात, ज्याला हाउस शॉट म्हणतात, त्यात मधल्या फळ्यांवर भरपूर तेल आणि कडेला जवळजवळ काहीच नाही. मधलं तेल कडेच्या आठपट, दहापट. आता माझ्यासारखी उजव्या हाताने टाकणारी बाई चुकून बॉल उजवीकडे टाकते. तिथे कोरडं आहे, बॉल चटकन पकडतो आणि मुकाट्याने परत पॉकेटमध्ये, म्हणजे पुढच्या पिनच्या उजवीकडच्या फटीत, येतो. चुकून डावीकडे टाकते, तिथे तेल आहे, बॉल वळत नाही, घसरत पॉकेटमध्येच जातो. दोन्ही चुका पोटात घालणारी लेन! क्रिकेटच्या भाषेत पाटा खेळपट्टी. माझं 178 हे आयत्या बिळावरचं नागोबापण होतं.

स्पोर्ट पॅटर्नमध्ये, म्हणजे स्पोर्ट लीगच्या तेलाच्या आखणीत, मधलं आणि कडेचं तेल तीनास एकच्या आत ठेवावं लागतं. म्हणजे उजवीकडे टाकला तर बॉल उजवीकडेच राहतो, डावीकडे टाकला तर पुढच्या पिनच्या नाकावर आपटतो आणि स्प्लिट, उरलेल्या पिना एकमेकींपासून लांब. बाणांच्या खुणा फाउल लाइनपासून साधारण पंधरा फुटांवर असतात. तिथे एक फळी चुकली की साध्या भूमितीने पिनांपाशी चार फळ्या चुकतात. हाउस शॉटवर त्या चारांतल्या तीन तेल सावरून घेतं. इथे कोणी सावरत नाही.

हे मला तेव्हा नव्याने कळत होतं असंही नाही. मार्च 2019 मध्ये ॲलन पार्कच्या थंडरबोलमध्ये व्यावसायिकांची वर्ल्ड सिरीज भरली होती, नव्वद लेन्सचं ते अवाढव्य केंद्र आमच्यापासून फार लांब नाही. मी एक दिवस जाऊन पात्रता फेऱ्या बघितल्या. त्याच आठवड्यात जेसन बेलमॉन्टने दोन हातांनी बॉल टाकत अकरावं मोठं विजेतेपद घेऊन विक्रम केला. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. टीव्हीवर नुसते स्ट्राइक दिसतात, पहिल्याच बॉलला दहाही पिना आडव्या. तिथे सकाळभर लेन्सच्या मागे उभं राहिल्यावर दिसलं, की ही माणसं तासन्‌तास नऊ पिना पाडतात आणि उरलेली एक काही न बोलता उचलतात, म्हणजे दुसऱ्या बॉलने पाडतात. चीता, विंचू, शार्क अशी त्यांच्या पॅटर्नची नावं. मला वाटलं, नावं भारी आहेत. त्यापलीकडे विचार केला नाही. शहाणपण चार वर्षं आधी फुकट मिळत होतं, मी नाचोज खात होते.

असो. 373 नंतरच्या आठवड्यात मी लेनची देखभाल करणाऱ्या मेकॅनिककडे गेले. त्याने भिंतीवर टाचलेला पॅटर्नचा कागद दाखवला: तेलाची लांबी 41 फूट. आजोबांनी लगेच हिशेब सांगितला. लांबीतून 31 वजा कर, जो आकडा येईल त्या फळीवर बॉल तेलाच्या टोकाला असायला हवा. 41 वजा 31, दहा. म्हणजे उजव्या कडेपासून दहाव्या फळीवर. सुरुवातीचा अंदाज म्हणून हा ठोकताळा चांगला आहे. मी त्याला सुरुवातीला पोथी समजले.

कारण दहाव्या फळीवर बॉल असायला हवा हे कळणं एक आणि तो तिथे नेणं दुसरं. प्रो-शॉपमध्ये बॉलला भोकं पाडून देणारा एकजण आहे, त्याने माझे दहा शॉट फोनवर चित्रित केले. बॉलकडे त्याने बघितलंच नाही. माझ्या डाव्या बुटाकडे बघ म्हणाला. लेनच्या अलीकडे जी चालायची जागा असते तिच्यावर ठिपके असतात, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, फळ्या मोजायला. मी दर वेळी 22 व्या फळीवर उभी राहून सुरुवात करत होते आणि घसरून थांबत होते कधी 18 वर, कधी 21 वर, एकदा तर 25 वर. सात फळ्यांचा फरक. सहा वर्षं हे चाललं होतं आणि कोणाला, मला धरून, पत्ता नव्हता. वेगही ताशी 14 मैल ते साडेसोळा असा वाटेल तसा. तो म्हणाला, "तू नेम धरतेस, पण बंदूक दर वेळी वेगळ्या खिडकीतून चालवतेस."

पितळ उघडं पडलं.

मग जून महिनाभर रविवारी सकाळी एकटीने जायचं ठरवलं. त्या वेळी लेन स्वस्त असते आणि आजूबाजूला वाढदिवसाची पोरं नसतात. एक वही केली. वहीत पडलेल्या पिना लिहायच्याच नाहीत असा नियम. दोनच गोष्टी: बूट कुठल्या फळीवर थांबला आणि बॉल ठरवलेल्या फळीवरून गेला का. गेला तर बरोबरची खूण, नाही गेला तर फुली. स्ट्राइक पडला आणि बॉल भलतीकडून गेला तर फुली. पहिल्या रविवारी साठ शॉटमध्ये एकोणीस बरोबर. एक पिन नाही पडली आणि वहीत बरोबरची खूण करायची, याला जे मन लागतं ते माझ्याकडे नव्हतं. पहिले दोन रविवार मी पेन घेऊन आधी स्कोअरच्या पडद्याकडे बघत बसायची. मग लेन घेताना काउंटरवर सांगून टाकलं, स्कोअर बंद ठेवा. पडदा काळा झाल्यावर जमलं.

बॉल सोडून झाल्यावर तो बाण ओलांडेपर्यंत फाउल लाइनवर एका पायावर स्थिर राहायचं, हा एक जुना उपाय आजोबांनी दिला. ऐकायला किरकोळ वाटतो. पण तोल गेला असेल तर राहताच येत नाही, म्हणून तो खरं तर तपास आहे. मी सुरुवातीला दर दुसऱ्या शॉटला बगळ्यासारखी डुलत होते.

आता स्पेअर (पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना दुसऱ्याने पाडणं), कारण माझ्या मते खरी कमाई तिथे आहे आणि लोक याच भागाचा कंटाळा करतात. आजोबांनी एकदा कागदाच्या रुमालावर गणित मांडलं. गेमच्या दहाही फ्रेममध्ये, म्हणजे दहाही पाळ्यांत, पहिल्या बॉलला नऊ पिना पाड, दुसऱ्याला एक उचल, शेवटच्या जादा बॉललाही नऊ. एकही स्ट्राइक नाही. बेरीज किती? मी म्हटलं, दीडशेच्या आसपास. 190! मी दोनदा करून बघितली. प्रत्येक फ्रेमला 19 (स्पेअरचे दहा, अधिक पुढच्या बॉलचे नऊ), दहा फ्रेम, 190. माझं डोकं सॉफ्टवेअरमध्ये चालतं म्हणून मला पगार मिळतो आणि हा हिशेब मी सहा वर्षांत कधी केला नव्हता.

माझी अडचण दहा नंबरची पिन. मागच्या रांगेतली उजव्या टोकाची, गटाराला खेटून उभी. उजव्या हाताने टाकणाऱ्यांची ही जन्माची सवत. मी ती स्ट्राइकच्याच बॉलने, हुक करून उचलायला जायची. हाउस शॉटवर मधलं तेल बॉलला सरळ धरून ठेवायचं, त्यामुळे भागत होतं. स्पोर्ट पॅटर्नवर बॉल कधी वळायचा, कधी नाही. शेवटी साधा प्लॅस्टिकचा बॉल घेतला, निळा, कपाटातला सगळ्यात स्वस्त. प्लॅस्टिकला तेल असो नसो, फारसा फरक पडत नाही, तो सरळ जातो. लेनच्या डाव्या बाजूला उभं राहून तिरका, लांबलचक कर्ण साधायचा, मनगट न वळवता. वहीत याची वेगळी पानं आहेत. पहिल्या दिवशी पन्नासपैकी 23. ऑगस्टच्या सुरुवातीला 38. अजूनही पन्नासपैकी पन्नास झालेले नाहीत आणि जे लोक "टेन पिन म्हणजे काय, नेम धरायचा आणि टाकायचा" म्हणतात त्यांच्याशी मी बोलत नाही.

पण दहा नंबर उरते ती दर वेळी सारखी नसते, हे त्याहून महत्त्वाचं निघालं. "दहाकडे बघू नकोस, सहाकडे बघ," आजोबा म्हणाले. सहा नंबरची पिन दहाच्या पुढ्यात असते. ती उडून दहाच्या मानेला वळसा घालून गेली तर बॉल चांगला होता, थोडक्यात हुकलं, पायाची जागा चिमूटभर बदल. सहा नुसती गटारात आडवी पडून राहिली तर बॉल दमलेला पोचला, जोर वाटेतच संपला किंवा आत शिरण्याचा कोन कमी पडला. बॉल पॉकेटमध्ये साधारण सहा अंशांच्या कोनात शिरला तर सगळ्यात चांगलं, असं अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, प्रयोगांतून निघालेलं आहे. तीच एक पिन उभी, दोन वेगळी कारणं, दोन वेगळे उपाय. इतकी वर्षं मी फक्त "शी, दहा राहिली" म्हणत होते.

बॉल परत येतो तेव्हा त्याच्यावर तेलाची कडी उमटलेली असतात, एकाशेजारी एक. तीही वाचायची सवय लागली. कडी जाड आणि ओली, म्हणजे मी अजून तेलात आहे. रात्र चढते तशी ती फिकी होत जातात. बघून झालं की फडक्याने पुसायचं. स्पर्धा चालू असताना फडकं कोरडंच हवं असा नियम आहे.

बॉलच्या पृष्ठभागाचं प्रकरण मला सगळ्यात उशिरा पटलं. माझा मुख्य बॉल चकचकीत पॉलिश केलेला होता, दिसायला जांभळा, झकास. चकचकीत बॉल लांबपर्यंत घसरतो आणि शेवटी एकदम झडप घालतो. पाटा लेनवर मजा येते. कठीण पॅटर्नवर तीच झडप आज इथे, उद्या तिथे. प्रो-शॉपवाल्याने तो फिरत्या यंत्रावर धरून 2000 च्या सँडिंग पॅडने घासला. माझ्या डोळ्यादेखत दोनशे डॉलरचा बॉल मळकट झाला. पण मळकट बॉल लवकर लेनला लागतो, हळूहळू, एकसारखा वळतो. स्ट्राइक कमी झाले, स्प्लिट त्याहून जास्त कमी झाले. घासणं जे काही असेल ते लीग सुरू होण्याआधी करायचं, खेळ सुरू झाल्यावर पृष्ठभागाला हात लावता येत नाही.

दुसऱ्या तीन आठवड्यांत 44 फुटांचा लांब पॅटर्न आला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बॉल वळायला जागाच उरत नाही, मी 130 च्या आसपास घुटमळले. लांब तेल मला आजही जमत नाही.

तिसरा मात्र आखूड होता, 36 फूट. वजाबाकी केली: पाच. पाचवी फळी. म्हणजे कडेपासून पाच-सव्वापाच इंच, आणि बॉलचा व्यास साडेआठ इंच! गटाराच्या काठाकाठाने बॉल पाठवायचा आणि तो परत येईल यावर विश्वास ठेवायचा. पहिल्या रात्री मी तीन गेममध्ये सात वेळा गटारात टाकला. घरून आईचा मेसेज आला होता, आज गटारी, काय बेत? तिला काय सांगणार.

दुसऱ्या आठवड्यात आजोबांनी मला त्यांचा जुना युरेथेनचा बॉल दिला. युरेथेन सौम्य असतं, आजकालच्या बॉलांच्या रेझिनसारखं शेवटी उसळत नाही. शिवाय ते म्हणाले, "सातव्या लेनवर कडेला बॉल थोडा जास्त थांबतो, आठव्यावर लगेच आत येतो. तेल तेच आहे." मग कारण? लेन सपाट असते म्हणतात, पण नियमाने एक इंचाच्या 40 सहस्रांशांपर्यंत उंचसखलपणा चालतो. जेमतेम एक मिलिमीटर. एवढ्याशा उताराने बॉलचं मन बदलतं. ते त्या इमारतीत चाळीस वर्षं खेळताहेत आणि प्रत्येक जोडीतलं अंगण किती वाकडं आहे ते त्यांना पाठ आहे. नवऱ्याला मी हे आवर्जून सांगितलं.

तेल जागेवरही राहत नाही. रेझिनचे बॉल ते शोषून घेतात. आठ-दहा माणसं एकाच वाटेने टाकत असतील तर दीड गेममध्ये ती वाट कोरडी पडते. मग बॉल लवकर वळतो, पुढच्या पिनच्या नाकावर जातो. हाउस शॉटवर मी अशा वेळी जोरात टाकायची किंवा चिडायची. आता: जिकडे चुकला तिकडे सरक. बॉल डावीकडे गेला, तर पाय दोन फळ्या डावीकडे, नेम एक फळी डावीकडे. आणि एका वाईट शॉटवर सरकायचं नाही, आधी वहीतला प्रश्न विचारायचा, बॉल ठरवल्या जागेवरून गेला होता का? नसेल गेला तर चूक माझी, लेनची नाही. निम्म्याहून अधिक वेळा उत्तर फुलीच असायचं.

पहिल्या उन्हाळ्याचं ॲव्हरेज 139. बोलिंग काँग्रेसचा एक तक्ता असतो, स्पोर्टचं ॲव्हरेज हाउसच्या हिशेबात किती धरायचं त्याचा. मी तो मनाच्या समाधानासाठी दोन-तीनदा उघडला. दुसऱ्या उन्हाळ्यात, 2024 मध्ये, 158. ऑगस्टमधल्या शेवटच्या रात्री एक गेम असा झाला, की पाचव्या फ्रेममध्ये एक स्ट्राइक आणि बाकी नऊच्या नऊ फ्रेममध्ये स्पेअर. 188. दहा नंबर त्यात चार वेळा उचलली. आजूबाजूला कोणी ओरडलं नाही, कारण ओरडण्यासारखं काही घडतच नव्हतं. आजोबांनी खिशातून पेन काढून रुमालावर 190 लिहिलं, त्यातून दोन वजा केले आणि रुमाल माझ्याकडे सरकवला.

सप्टेंबरमध्ये नेहमीची लीग सुरू झाली, नेहमीच्या तेलावर. पहिल्याच फ्रेममध्ये बॉल हातातून जरा उशिरा सुटला, ठरवलेल्या फळीपासून चार फळ्या उजवीकडे. तो कडेला गेला, कोरड्यात लागला, शहाण्यासारखा परत आला आणि दहाच्या दहा पिना आडव्या. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. टीममध्ये नवीन आलेली मुलगी माझ्या शेजारी बसली होती, तिने मला वहीत काहीतरी खरडताना बघितलं.

"स्ट्राइक पडला ना?" तिने विचारलं. "मग फुली का?"

मी सांगायला लागले, पण तिचीच पाळी आली आणि ती बॉल घ्यायला उठली. तिच्या डाव्या बुटाकडे मी बघत होते. चोवीस.